उतारावरचे प्रेक्षक

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. वडिलांचं बोट धरून गर्दीतून चाललो होतो. हलगीचा आवाज येत होता, फेटेवाली माणसं घाईघाईनं पुढे जात होती, पण ज्याला मैदान म्हणतात ते काही दिसेना. मैदान म्हणजे काहीतरी उंच, राजवाड्यासारखं असणार, अशी माझी कल्पना. मी विचारलं, ‘अण्णा, मैदान कुठं आहे?’ ते म्हणाले, ‘आलंच की. खाली बघ.’ दारातून आत पाऊल टाकलं, तर पुढची जमीन परातीसारखी खाली उतरत गेलेली. तळाशी लाल मातीचा हौदा, आणि त्याच्या चहूबाजूंनी माणसंच माणसं. एवढी हजारो माणसं त्या जमिनीच्या पोटात बसली होती आणि रस्त्यावरून त्यांचा पत्ताही लागत नव्हता.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो, अनेक बांधकामांवर काम केलं, पण ‘खाली बघ’ हे शब्द काही विसरलो नाही. डोंगर, उतार, खड्डा, दगडखाण अशा जागेच्या आधारानं उभारलेली किंवा जमिनीतच बसवलेली क्रीडांगणं हा आजचा माझा विषय आहे, आणि त्याची सुरुवात खासबागेपासून करणं मला भाग आहे.

हे मैदान राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं प्रसिद्ध कलोसियम पाहिलं आणि तसंच मैदान आपल्या मल्लांसाठी असावं असं त्यांच्या मनात आलं, असं कोल्हापुरात सांगतात. गोष्ट सुंदर आहे. पण अभियंता म्हणून मला तिच्यात एक गंमत दिसते. कलोसियम आणि खासबाग यांचा आकार गोलसर, एवढं साम्य सोडलं तर दोन्हींची जात अगदी उलटी आहे. कलोसियम ही सपाट जागेवर उभी केलेली इमारत आहे. नीरो बादशहाच्या बागेतलं तळं आटवून त्या जागी ती बांधली. कमानींवर कमानी रचून प्रेक्षकांना जवळजवळ ४८ मीटर उंचीपर्यंत नेलं. महाराजांनी गोल आकार घेतला आणि बाकी काम मातीवर सोपवलं. मधे खोल केलं, भोवती उतार ठेवला. कमान नाही, खांबांचं जंगल नाही. प्रेरणा रोमन असेल, पण बांधणी ग्रीक आहे.

ग्रीक का म्हणतो ते सांगतो. ‘स्टेडियम’ हा शब्द ग्रीकांचा. ‘स्टेडिऑन’ हे मुळात अंतराचं माप, सहाशे ग्रीक फुटांचं. तेवढं अंतर धावायची शर्यत, म्हणून शर्यतीलाही तेच नाव, आणि पुढे जिथे धावायचं त्या जागेलाही तेच. ऑलिंपियाची धावपट्टी जवळजवळ १९२ मीटर लांब आहे. तिच्या कडेला क्रोनॉस नावाची टेकडी आहे. प्रेक्षक मातीच्या उतारावर बसत, चाळीस हजारांच्या आसपास. दगडी आसनं होती ती पंचांपुरती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये गोळाफेकीची स्पर्धा मुद्दाम इथे घेतली, तेव्हाही प्रेक्षक गवतावरच बसले होते. तब्बल दीड हजार वर्षांहून अधिक काळानं तिथे पुन्हा खेळ झाला आणि प्रेक्षकांसाठी नवं काही बांधावं लागलं नाही. अथेन्समधलं संगमरवरी स्टेडियम, जिथे १८९६ साली पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं, तेही दोन टेकड्यांमधल्या घळीत बसवलेलं आहे.

हा सगळा केवळ डोळ्यांना बरा दिसणारा प्रकार आहे असं कुणी समजू नये. त्यात साधा हिशेब आहे. मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसायला हवं, म्हणून प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा थोडी उंच लागते. सपाट जमिनीवर ही उंची तुम्हाला बांधावी लागते. खांब, तुळया, जिने, कठडे, आणि हजारो माणसं एकदम उठून नाचू लागली तर बसणारे हादरे हे सगळं धरून. उतारावर ही उंची आयती मिळते आणि भार थेट जमिनीत जातो. दुसरी गोष्ट, माणसांची ये-जा. उंच स्टेडियममध्ये सगळ्यांना खालून वर चढावं लागतं आणि सुटल्यावर सगळे एकदम खाली येतात. जमिनीत बसवलेल्या मैदानात प्रवेश वरच्या कडेवरून किंवा मधल्या उंचीवरून होतो. निम्मे खाली उतरतात, निम्मे वर जातात. सुटताना लोक चढून बाहेर पडतात, आणि चढणारी गर्दी उतरणाऱ्या गर्दीपेक्षा कमी धोकादायक असते. जिन्यावरून लोंढा खाली येताना एक पाय घसरला तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

अर्थात फुकट काहीच नसतं. खड्डा केला की पाणी आलं. आपल्याकडच्या पावसात खोलगट मैदानाला निचऱ्याची सोय नसेल तर त्याचं तळं व्हायला चार दिवस पुरतात. उताराची माती धरून ठेवावी लागते. आणि जमीन खणायची म्हणजे तिथे आधी काय होतं याच्याशी तुमची गाठ पडतेच. हा शेवटचा मुद्दा मला म्युनिकला गेल्यावर नीट समजला.

माझा पुतण्या तिथे नोकरीला होता. २०११ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे महिनाभर राहिलो. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, ‘काका, तुम्हाला ऑलिंपिक पार्क दाखवतो.’ मी अर्थातच छप्पर बघायला गेलो होतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकात त्या छपराचं चित्र पाहून आमची पिढी मोठी झाली. पण मी बहुतेक वेळ पाहत राहिलो ती जमीन.

त्या जागेचं नाव ओबरवीझनफेल्ड. आधी बव्हेरियाच्या सैन्याचं कवायतीचं मैदान, मग शहराचा विमानतळ. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन हिटलरशी करार करायला आले ते याच विमानतळावर उतरले. चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून देणारा तोच तो म्युनिक करार. त्यानंतर युद्ध झालं, म्युनिकवर बाँब पडले आणि अर्धंअधिक शहर कोसळलं. पडलेल्या घरांचा राडारोडा टाकायला मोकळी जागा हवी होती, ती ही. विटा, भिंतीचे तुकडे, फरशा, संसार सगळं इथे आणून ओतलं. त्याचा डोंगर झाला, भोवतालच्या जमिनीपेक्षा जवळजवळ साठ मीटर उंच.

१९६६ मध्ये म्युनिकला १९७२ चं ऑलिंपिक मिळालं. जर्मनीत याआधीचं उन्हाळी ऑलिंपिक होतं १९३६ चं, बर्लिनचं, हिटलरच्या डोळ्यांसमोरचं. बर्लिनच्या त्या स्टेडियमचं मैदानही जमिनीखाली सुमारे बारा मीटर आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. म्हणजे नुसतं खाली गेल्यानं स्टेडियम नम्र होतं असं नाही. वर दगडी खांबांचं कडं आणि समोर सरळसोट भव्य रस्ता असेल, तर माणूस आत शिरण्याआधीच लहान होतो. म्युनिककरांना नेमकं हे नको होतं. आनंदी, मोकळे, हिरवाईतले खेळ, अशी त्यांची कल्पना होती.

१९६७ साली आराखड्यांची स्पर्धा झाली. गुंटर बेनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आराखडा निवडला गेला. त्यांनी ढिगाऱ्याचा डोंगर ही अडचण मानली नाही, तोच मुख्य धरला. त्याच्या पायथ्याशी आणखी माती सरकवून लहान-मोठ्या टेकड्या केल्या, मधल्या खोलगट भागांत खेळाची मैदानं बसवली, कालव्याचं पाणी अडवून तळं केलं. मुख्य स्टेडियमचा मोठा भाग मातीच्या उतारावर बसलेला आहे. प्रेक्षक वरच्या कडेनं आत येतात आणि मैदान पायाखाली दिसतं. मी त्या कडेवर उभा होतो आणि मला खरंच अण्णांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

या टेकड्यांवर छप्पर कसं घालायचं? मूळ नमुन्यात त्यांनी बायकांचा पायमोजा काड्यांवर ताणून बसवला होता असं सांगतात. नमुना ठीक आहे, पण चौऱ्याहत्तर हजार आठशे चौरस मीटरचा पायमोजा कोण विणणार? इथे फ्राय ऑटो नावाच्या स्थापतीची मदत झाली. हा माणूस साबणाच्या पाण्याचे पडदे तारांमध्ये धरून त्यांचे आकार अभ्यासायचा. साबणाचा पडदा आपोआप असा आकार घेतो की त्यात सगळीकडे ताण सारखा असतो. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात जर्मनीच्या मंडपासाठी त्यानं असंच ताणलेलं छप्पर केलं होतं. म्युनिकचं त्याहून कितीतरी मोठं. उंच तिरक्या खांबांवरून पोलादी दोरांचं जाळं टांगलं आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचे पारदर्शक तुकडे बसवले. पारदर्शक का, तर रंगीत दूरदर्शनचे दिवस नुकतेच आले होते, आणि मैदानावर अर्धं ऊन अर्धी सावली पडली तर कॅमेऱ्यांना ते झेपत नव्हतं. त्या काळच्या संगणकांवर या जाळ्याचा हिशेब मांडणं हे एक वेगळं महाभारत होतं. छपराचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. आज ते छप्पर शहराची ओळख आहे. फ्राय ऑटोला प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वोच्च सन्मान २०१५ साली जाहीर झाला, तोही त्याच्या निधनानंतर एका दिवसानं.

छपराचं कौतुक सगळे करतात. मला मात्र ज्याच्याबद्दल बोलायचं आहे तो माणूस म्हणजे गुंटर ग्रित्झिमेक, त्या बागेचा रचनाकार. झाडं कुठली आणि कुठे लावायची, हे त्यानं एखाद्या नेपथ्यकारासारखं ठरवलं. चालायच्या वाटांना लिंडनची झाडं, तळ्याकाठी रुपेरी पानांचे विलो, आणि डोंगरावर आल्प्समधले ठेंगणे पाइन. ठेंगणे कशासाठी? झाड लहान दिसलं की डोंगर मोठा वाटतो. साठ मीटरच्या ढिगाऱ्याला त्यानं पर्वत केलं. आणि दुसरी गोष्ट, ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी त्यानं लावू दिली नाही. लोकांनी हवं तिथून चढावं, बसावं, झोपावं, पायवाटा पाडाव्यात, त्यासाठीच हिरवळ आहे, असं त्याचं म्हणणं. आपल्या उद्यानांतल्या पाट्या आठवून मला तिथे हसू आलं. त्या रविवारी डोंगराच्या उतारावर शेकडो माणसं लोळत होती. कुणी पुस्तक वाचत होतं, एक तुर्की कुटुंब डबे उघडून जेवत होतं. खेळ काहीच नव्हता.

स्टेडियमची खरी परीक्षा मला वाटतं इथे होते. वर्षाचे ३६५ दिवस धरा. मोठ्या स्टेडियममध्ये त्यातले किती दिवस सामना असतो? वीस? तीस? उरलेल्या दिवशी शहराच्या मधोमध एक कुलूपबंद काँक्रीटचा डबा पडून असतो. बायर्न म्युनिक हा फुटबॉल क्लब २००५ साली नव्या स्टेडियममध्ये गेला, तेव्हा जुनं ओस पडायला हवं होतं. स्टेडियममधले सामने गेले खरे, पण भोवतालचं उद्यान लोकांच्या सवयीत इतकं मुरलं होतं की जागा मेली नाही. २०२२ मध्ये, बरोबर ५० वर्षांनी, युरोपातल्या अनेक खेळांच्या अजिंक्यपद स्पर्धा तिथे एकत्र झाल्या. आणि जुलै २०२४ मधला एक प्रकार तर तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेचा कार्यक्रम स्टेडियममध्ये होता. तिकीट न मिळालेली हजारो माणसं, पोलिसांच्या अंदाजानं चाळीस हजारांच्या घरात, त्या ढिगाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसली आणि तिथूनच तिच्याबरोबर गायली.

पण त्या उद्यानाची सगळीच गोष्ट सुखाची नाही. एक भाग मजेदार आहे, एक भयंकर.

मजेदार भाग आधी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिमोफेई नावाचा एक रशियन बैरागी आपल्या नताशा नावाच्या सोबतिणीसह त्या ओसाड जागेत येऊन राहिला. पूर्व आणि पश्चिम यांच्यात शांतता नांदावी म्हणून चर्च बांध, असा आपल्याला मेरीमातेचा आदेश आहे, असं तो सांगायचा. त्यानं ढिगाऱ्यातल्याच विटा आणि लाकडं वेचून झोपडी बांधली, चर्च बांधलं, फळझाडं लावली. चर्चचं छत आतून चॉकलेटच्या चंदेरी कागदांनी मढवलं. बांधकाम अर्थातच अनधिकृत. ऑलिंपिकच्या आराखड्यात त्याच्या झोपडीच्या जागी घोडेस्वारीचं मैदान आलं आणि त्याला हलवायचं ठरलं. म्युनिककरांनी आरडाओरडा केला. शेवटी घोडेस्वारीचं मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला, रीमला गेलं आणि तिमोफेई जिथल्या तिथे राहिला. शंभरी ओलांडून तो २००४ साली वारला. मी गेलो तेव्हा त्याची बाग होती, चर्चही होतं. आत वाकून जावं लागलं. २०२३ च्या जून महिन्यात ते चर्च आगीत जळालं, ही बातमी पुतण्यानं मला फोनवर सांगितली. भोवतालच्या निसर्गात मिसळणं म्हणताना आपण झाडं आणि टेकड्या मोजतो. त्या जागेवर आधीपासून राहणाऱ्या माणसाला मोजणारा आराखडा मी तरी हा एकच पाहिला, आणि तोही लोकांनी ओरडून मोजायला लावला.

भयंकर भाग तुम्हाला ठाऊक आहे. ५ सप्टेंबर १९७२ च्या पहाटे अतिरेकी क्रीडाग्रामाचं कुंपण ओलांडून आत शिरले. इस्रायलचे अकरा खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले, एक जर्मन पोलीसही. १९३६ ची आठवण पुसायची म्हणून बंदूकधारी पहारे, उंच भिंती नकोत असं संयोजकांनी ठरवलं होतं. त्या मोकळेपणाचाच घात झाला. यानंतर जगात कुठलंही ऑलिंपिक तितकं मोकळं राहिलं नाही. या अकरा जणांच्या आठवणीसाठी २०१७ साली तिथे एक स्मारक उभं राहिलं. ते मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण त्याची रचना सांगायला हवी. गवताच्या एका टेकडीत चीर पाडल्यासारखी पोकळी केली आहे. वर हिरवळ, झाडं तशीच, आणि चिरेच्या आत त्या माणसांचे चेहरे आणि माहिती. नावही जर्मन भाषेत ‘चीर’ या अर्थाचंच आहे. ज्या बागेत सगळं मातीखाली मऊपणे झाकलेलं आहे, तिथे मुद्दाम माती कापून ठेवली.

आता म्युनिकहून पोर्तुगालला जाऊ, कारण तिथे बरोबर उलटी गोष्ट घडली. म्युनिकला डोंगर माणसांनी रचला, ब्रागाला माणसांनी डोंगर फोडला.

ब्रागा हे उत्तर पोर्तुगालमधलं जुनं शहर. २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी तिथे ३० हजार प्रेक्षकांचं स्टेडियम हवं होतं. एडुआर्डो सोतो द मौरा या वास्तुरचनाकारानं दरीच्या तळातली जागा नाकारली. तिथे बांधलं तर पाण्याच्या वाटेत बंधारा घातल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं होतं. त्याऐवजी त्यानं बाजूच्या मोंते कास्त्रो टेकडीवरची ग्रॅनाइटची खाण निवडली. सुरुंग लावून दहा लाख घनमीटरांहून जास्त दगड काढला, आणि तोच दगड फोडून, त्याची खडी करून, स्टेडियमच्या काँक्रीटमध्ये वापरला. म्हणजे डोंगर हलला तो काही मीटरच. गोलच्या एका टोकाला सुमारे तीस मीटर उंचीचा उभा कातळ आहे, दुसरं टोक मोकळं, तिथून शहर दिसतं. प्रेक्षक फक्त दोन लांब बाजूंना. दोन्ही बाजूंची छपरं मैदानावरून आडव्या गेलेल्या पोलादी दोरांनी एकमेकांना धरून ठेवतात. पेरूमधल्या इंका लोकांच्या दोरांच्या पुलांवरून ही कल्पना सुचली होती. ३० डिसेंबर २००३ रोजी ते सुरू झालं. २०११ मध्ये सोतो द मौराला प्रित्झकर मिळालं तेव्हा परीक्षकांनी या स्टेडियमचा खास उल्लेख केला.

या कामाचे नकाशे मी पुष्कळदा पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी दोन मनं होतात. दगड तोच, जागा तीच, रंग तोच, आणि तरीही सगळं नवं, हे थक्क करणारं आहे. पण दहा लाख घनमीटर ग्रॅनाइट फोडण्याला निसर्गात मिसळणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथे खाण आधीच होती, जखम जुनी होती, म्हणून मी ते मान्य करतो. कोऱ्या डोंगरावर असं केलं असतं तर केलं नसतं. शिवाय खर्च. तो अंदाजाबाहेर गेला, आणि नगरपालिकेला त्याचा भार पुढे कितीतरी वर्षं वाहावा लागला. फुटबॉलवेड्यांना गोलच्या मागे बसायला आवडतं, तिथे तर कातळ आहे. कातळ टाळ्या वाजवत नाही.

हल्लीची टूम आणखी वेगळी. चीनमध्ये चचियांग प्रांतात छू-चौ या शहरी २०२२ मध्ये ३० हजार आसनांचं एक स्टेडियम झालं. रचना मा यानसाँग यांच्या संस्थेची. बाहेरून ते गवतानं झाकलेल्या ज्वालामुखीसारखं दिसतं आणि लोक त्याच्या उतारावर चढून बसू शकतात. चित्रात फार सुरेख आहे. मी एवढंच बघेन की दहा वर्षांनी ते गवत कोण कापतं आणि पाणी कोण घालतं. आणि आपलं धरमशाला? टीव्हीवर धौलाधारची बर्फाची रांग दिसते आणि समालोचक भारावून जातात. आपणही भारावतो. पण डोंगर मागे दिसणं आणि डोंगराला टेकून बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धौलाधार तिथे पडद्यावरच्या देखाव्यासारखी आहे, स्टेडियमच्या कामात तिचा हात नाही.

आता एक गोष्ट माझी स्वतःची. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्यांच्या कामावर बोलणं बरं दिसणार नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी स्टेडियम बांधायचं होतं. गाव आणि खातं यांची नावं सांगत नाही. गावाच्या पश्चिमेला मुरमाची बुटकी टेकडी होती, तिच्या पायथ्याशी मोकळं पटांगण. जत्रेतल्या कुस्त्या, शाळांचे सामने, सगळं तिथेच. माणसं टेकडीच्या उतारावर बसत. आम्ही मोजणी केली आणि ठरवलं की टेकडी अडचणीची आहे, ती सपाट करावी, मुरूम रस्त्याच्या भरावाला वापरावा. तसं झालं. मग सपाट झालेल्या जागेत पूर्वेच्या बाजूला, म्हणजे बाजारपेठेकडे, काँक्रीटचा स्टँड बांधला. तिकडे का? कारण स्टँडखाली दुकानांचे गाळे काढायचे होते आणि गाळ्यांना रस्ता हवा होता. माझी सही त्या नकाशावर आहे.

उद्घाटनाचा सामना दुपारी चारला सुरू झाला. मंत्री आले होते, बँड होता. साडेचार-पाचच्या सुमाराला सूर्य समोरून सरळ स्टँडवरच्या लोकांच्या डोळ्यांत गेला. बसलेले सगळे कपाळाला हात लावून बघायला लागले, मग हळूहळू उठायला लागले. दुपारच्या खेळाला प्रेक्षक पश्चिमेला बसवावेत, सूर्य त्यांच्या पाठीशी असावा, हे आम्हाला महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवलं होतं. टेकडी पश्चिमेलाच होती. गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बरोबर जागी बसत होती, कुणी शिकवल्याशिवाय. मी मंडपाच्या कडेला उभा होतो. एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी आले, डोळ्यांवर हाताचा आडोसा तसाच होता. म्हणाले, ‘साहेब, आमची टेकडी कुठं टाकलीसा?’

मी त्यांना रस्त्याचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पलीकडे, जिथे टेकडीचा थोडा कापलेला कडा शिल्लक होता, तिकडे जाऊन त्याच्या सावलीत बसले. थोड्या वेळानं तिथे बरीच माणसं जमली. अर्धा स्टँड रिकामा झाला होता. सामना कोण जिंकलं, ते मला आठवत नाही.